साखरेचा शुक्रवार

मालवणात कचेरीच्या आवाराबाहेर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून असलेल्या पत्र्याच्या पडवीत माझे टेबल आहे. वारसनोंद, रेशनकार्ड, बांधाची तक्रार, विहिरीचा हक्क, होडीचा परवाना, अशा सर्व प्रकारच्या अर्जांचे मसुदे मी करून देतो. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढचे या टेबलाने दिले. माझा अर्ज आत गेला की साहेब खालची सही न वाचताच तो कोणी लिहिला हे ओळखतात, असे तिथल्या शिपायाने मला अनेकदा सांगितले आहे आणि त्यावर अविश्वास ठेवण्याचे कारण मला आढळलेले नाही. इतक्या वर्षांत मी जमिनीवर लिहिले, पाण्यावर लिहिले, माणसांच्या भांडणांवर तर सर्वांत अधिक लिहिले. परंतु ज्या अर्जाने मला कुडाळच्या एका महाविद्यालयात संगणकासमोर नेऊन बसवले, तो मधुमेहाविषयी होता; त्यातही कोणत्या गावात मधुमेह किती असावा, या गणिताविषयी.

त्या अर्जाचे मूळ माझ्या वहिनीच्या तळपायात आहे. वहिनी म्हणजे माझ्या दिवंगत थोरल्या भावाची पत्नी. मुलगा नोकरीनिमित्त मुंबईस असतो आणि ती खाडीकाठच्या आमच्या गावी एकटी राहते. भातशेती, थोडे माड, एक म्हैस, आणि ओहोटीच्या वेळी खडकावरची कालवे काढणे, असा तिचा संसार. गेल्या हिवाळ्यात तिच्या उजव्या पायाला जखम झाली आणि ती भरेना. मी तिला मालवणच्या दवाखान्यात नेले, तेव्हा डॉक्टरांनी रक्त तपासले आणि मला बाजूला घेऊन सांगितले, "यांना साखर आहे, आणि ती आजची नाही. दर आठवड्याला ड्रेसिंग झालंच पाहिजे. खंड पडला तर आधी बोटं जातील आणि मग पाय. एकही आठवडा चुकवू नका."

सुदैवाने आमच्या गावच्या उपकेंद्रात दर शुक्रवारी एक नर्सबाई येत असत. ज्यांना पाहिजे त्यांची साखर तपासत आणि जखमा बांधून देत. वहिनी लंगडत का होईना, शुक्रवारी तेथे जाऊ लागली. जखम हळूहळू लाल दिसू लागली, आणि लाल दिसणे हे चांगले लक्षण असते, असे नर्सबाईंचे मत होते.

असेच एकदा नारळ उतरवण्याच्या निमित्ताने मी गावी गेलो असता, वहिनीने चहाचा पेला पुढे ठेवता ठेवता बातमी दिली.

"भावजी, आमचो शुक्रवार जातलो हां."

"जातलो म्हणजे खंय?"

"हमरस्त्यावरच्या गावात. आमच्या गावात साखरेचे पेशंट नाय, असा म्हणे रिपोर्टात इला. नर्सबाय सांगत होती. दोन म्हयन्यांनी ती थंय बसतली."

"मगे तू थंय जातलंस मां?"

"माका काय येड लागला? दोन येष्टी बदलान लंगडत जावचा आनि काळोख पडल्यार येवचा? म्हशीक पाणी कोण दाखवतलो? तुमी?"

मी तिला डॉक्टरांच्या शब्दांची आठवण दिली. तिने पायाकडे पाहिलेसुद्धा नाही. "भरतलो तो," एवढेच म्हणाली आणि चुलीकडे वळली. तिचा स्वभाव मी ओळखून आहे. ती गेली नसती. शुक्रवार गावातून गेला असता, तर त्यामागोमाग तिचा पायही गेला असता, याविषयी माझ्या मनात शंका उरली नाही.

मालवणास परत येताच मी अर्ज लिहावयास घेतला. "सदरहू गावातील गोरगरीब, कष्टाळू व खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने जर्जर झालेल्या जनतेच्या वतीने अत्यंत नम्रतापूर्वक" असा त्याचा प्रारंभ होता, आणि तो आजही मला उत्तम वाटतो. आरोग्य खात्याच्या अधिकाऱ्यांनी तो संपूर्ण वाचला, हे मी त्यांच्या बाजूने नमूद करतो. वाचून ते म्हणाले, "अर्ज सुंदर आहे. पण आकड्यापुढे विशेषण चालत नाही. कुडाळला एक प्राध्यापिका आहेत, त्यांनी सगळ्या गावांचा अभ्यास करून दिला आहे. त्यांच्या आकड्यात तुमचं गाव सर्वांत निरोगी आहे. तुम्हाला काही म्हणायचं असेल तर त्यांना भेटा."

माझ्या गावाची एवढी स्तुती यापूर्वी कोणी केली नव्हती आणि ती नेमकी नको तेव्हा झाली होती.

कुडाळला त्या बाई मला त्यांच्या खोलीत भेटल्या. त्या संख्याशास्त्र शिकवतात. वयाने माझ्या भाचीएवढ्या, घराणे आरोंद्याकडचे ख्रिस्ती, कपाट पुस्तकांनी भरलेले आणि टेबलावर डब्यात तळलेल्या बांगड्याचा वास. मी अर्जाची प्रत पुढे केली. त्यांनी ती वाचली आणि हसू दाबले. ते कौतुकाचे असावे.

"काका, हे पाहा," असे म्हणून त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर आमच्या परिसराचा नकाशा होता आणि प्रत्येक गावावर हिरवा ठिपका. ज्या गावात मधुमेहाच्या नोंदी जास्त, तेथे ठिपका गडद. जेथे कमी, तेथे फिका. आमचे गाव इतके फिके होते की मला चष्मा पुसावा लागला.

"याला प्रतिमान म्हणतात," त्या सांगू लागल्या. "गावात म्हातारी माणसं किती, दिवसातून भात किती वेळा, चालणं किती, घरात मुंबईचा पैसा येतो का, पक्का रस्ता किती लांब, अशा गोष्टी आपण गणिताला सांगायच्या. मग गणित सांगतं, की अशा गावात साखरेचे रुग्ण साधारण इतके असावेत. तो झाला अंदाज. आणि दवाखान्यांच्या नोंदी आणि औषधांच्या दुकानांतली विक्री यावरून कळते ती नोंद. बहुतेक गावांत दोन्ही जवळजवळ जुळतात."

"आणि आमच्या गावात?"

"तुमच्या गावात अंदाज म्हणतो, भरपूर असायला हवेत. नोंद म्हणते, जवळजवळ नाहीत. मला हे पहिल्यापासून खटकतंय. अहवालात तशी तळटीपही मी दिली होती, पण तळटीप कोण वाचतो?" येथे त्या एकाएकी आपल्या बोलीवर आल्या. "काका, जाळा टाकला आनि मासळी गावली नाय, तर दोन गजाली असतत. एक तर थंय मासळी नाय. नायतर जाळ्याक भोक आसा. तुमीच सांगा, खंयची गजाल खरी?"

मी तत्काळ उत्तर दिले नाही. टेबलाचा धंदा करणाऱ्याने आपले सर्व एकदम सांगू नये. परंतु वहिनीचा पाय माझ्या डोळ्यांसमोर होता, म्हणून मी ते भोक त्यांना दाखवले.

आमच्या गावात साखर असलेली माणसे पुष्कळ आहेत, मात्र त्यांच्या गोळ्या येथे विकत घेतल्या जात नाहीत. त्या मुंबईहून येतात. चतुर्थीला मुलगा आला की मोदकांच्या खव्याबरोबर त्याच्या पिशवीत आईच्या वर्षासहामाहीच्या गोळ्या असतात. मधे संपल्या तर लक्झरी बसच्या ड्रायव्हरकडे पुडके दिले जाते. गावच्या दुकानदाराला त्यांचा वाससुद्धा लागत नाही. हे इतके गुपचूप करण्याचे कारण असे की आमच्याकडे साखर हा बसून खाणाऱ्यांचा रोग समजला जातो. ज्या बाईने भाताच्या लावणीत कंबर मोडेपर्यंत काम केले तिला साखर झाली, असे कळले तर लोक तिच्या आजाराला नव्हे, तिच्या कष्टाला नावे ठेवतील. माझ्या वहिनीने उपकेंद्रात, कालवे काढताना शिंपली लागली, असेच सांगितले होते आणि तीच नोंद झाली. बोटाला सुई लावू दिली नाही. मालवणच्या दवाखान्यात तपासणी झाली, परंतु तेथे पत्ता दिला तो माझ्या खोलीचा. गावातले आणखी काहीजणही माझ्याच पत्त्यावर आजारी होते, कारण गावच्या माणसाला तालुक्यात पत्ता लागतो आणि मी कोणाला नाही म्हणत नाही.

बाईंनी कपाळाला हात लावला. "म्हणून मालवणातला तुमचा वॉर्ड एवढा गडद! मी त्याचं कारण शोधून थकले."

त्यानंतर खरा प्रश्न आला. गावात रुग्ण आहेत हे एका अर्जलेखकाच्या सांगण्यावरून कोणी मानणार नव्हते. अंदाजाने तरी किती, ते दाखवावे लागणार होते आणि गावातला एकही माणूस तोंडाने कबूल होणार नव्हता. यावर बाईंनी एक युक्ती सांगितली, जी त्यांच्या शास्त्रात मान्य आहे. प्रत्येकाने पडद्याआड जाऊन नाणे उडवायचे. छापा पडला तर साखर असो वा नसो, "होय" म्हणायचे. काटा पडला तर खरे सांगायचे. ऐकणाऱ्याला कळत नाही की हा "होय" नाण्याचा की माणसाचा; त्यामुळे अब्रू झाकली राहते. निम्म्यांच्या आसपास लोक केवळ नाण्यामुळे "होय" म्हणणार, हे आधीच ठाऊक असते. तेवढे वजा करावे, आणि राहिलेल्या "होय"वरून गावाचा हिशेब मांडावा.

मला ही युक्ती फारच पसंत पडली. जागेचा प्रश्न निघाला तेव्हा बाईंनी शाळा सुचवली. मी देऊळ सुचवले. शाळेत आमच्या गावाचे चार लोकही जमत नाहीत. देवळात सर्व वाड्यांची माणसे येतात. गावचे प्रमुख मानकरी, ज्यांना आम्ही गावकर म्हणतो, त्यांची परवानगी मी स्वतः घेतली. पुढे काहीजणांनी जागेची ही निवड चुकीची ठरवली. मी ठरवत नाही.

रविवारी सकाळी सभामंडप भरला. दशावतारी नाटकासाठी ठेवलेला पडदा आम्ही दोन खांबांमध्ये बांधला. नाणे नुसते स्टुलावर ठेवणे मला हलकेपणाचे वाटले, म्हणून देवळातले तांब्याचे तबक मागून घेतले आणि त्यात दोन फुले घातली. बाईंनी ते पाहिले, पण पाहुण्या असल्याने बोलल्या नाहीत. नंतर त्यांनी नियम समजावला, मी त्याचा बोलीत अनुवाद केला.

पहिला आक्षेप एका म्हाताऱ्याने घेतला. "म्हणजे साखर नाय तरी व्हय म्हणूचा? देवासमोर खोटा?"

"खोटा नाय ता," गावकर म्हणाले. "नाणा सांगता, तू बोलतंस. पाप झाला तर नाण्याक."

लोक हसले आणि काम सुरू झाले. प्रथम एक वृद्धा पडद्याआड गेली. नाणे तबकात वाजले. ती बाहेर आली ती काहीही न बोलता. गाभाऱ्याकडे तोंड करून हात जोडले आणि खांबाला टेकून खाली बसली.

"आजी, 'होय' किंवा 'नाही' सांगायचं," बाई म्हणाल्या.

"व्हय म्हणतंय गो बाय. देवान सांगल्यान, मी काय नाय म्हणतलंय?" आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

काय झाले ते माझ्या ध्यानात आले. आमच्याकडे लग्न ठरवायचे असो की विहीर खणायची, देवाला कौल लावतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. देवळात, फुले घातलेल्या तबकात पडलेल्या नाण्याला आमची माणसे दुसरे काय समजणार? छापा म्हणजे साखर झाली, काटा म्हणजे सुटका झाली, असा त्यांनी सरळ अर्थ घेतला होता.

"नाही हो आजी, ते साधं नाणं आहे! त्याला काही कळत नाही!" बाई कळवळून सांगत होत्या. कोणी ऐकेना. दुसरा माणूस तांबडा होऊन बाहेर आला.

"आमच्या सात पिढयेत कोणाक नाय आनि माका छापो? परत उडयतंय!"

"कौल परत लावचो नसता," गावकरांनी बजावले.

"मगे ह्या नाणा तरी बदला!"

काटा पडलेल्यांचा आनंद तर त्याहून घातक होता. ज्यांच्या घरी मुंबईच्या गोळ्यांचा डबा आहे असे मला पक्के ठाऊक होते, तेही "नाय!" म्हणून छाती पुढे काढून बाहेर येत होते. एकजण तर शेजाऱ्याला म्हणाला, "आजपासून गोळये बंद." बाईंनी पेन खाली ठेवले. "काका, यातून एकही आकडा मला वापरता येणार नाही," त्या हळूच म्हणाल्या. "आणि तो माणूस खरंच गोळ्या बंद करेल." माझ्या आयुष्यात मी पाहिलेली ती सर्वांत लांब सकाळ होती.

त्यानंतर वहिनी उठली. पायाचे फडके सावरत पडद्याआड गेली. नाणे वाजले. ती बाहेर आली.

"काय पडला गो?" गावकरांनी विचारले. नियमाप्रमाणे हे विचारायचे नव्हते, परंतु नियम केव्हाच वाहून गेला होता.

"काटो."

"मगे सुटलंस! बस खाली."

ती बसली नाही. मला वाटले, पाय दुखतो म्हणून थांबली असावी.

"सुटलंय खंय?" ती म्हणाली. "माका साखर आसा. किती वर्सां आसा. ह्यो पाय शिंपयेन नाय कुजलो, साखरेन कुजलो."

मागून तिची शेजारीण म्हणाली, "तुका? लावणीक पयली तू, मळणीक पयली तू, आनि तुका साखर?"

"माकाच. बसान खातंय मां मी, दिसत नाय तुका?"

कोणीतरी हसले. पण गावकर गंभीर झाले होते. "अगो, पण काटो पडलो. देवाचो कौल खोटो म्हणतंस तू?"

"देव खोटो नाय, गावकरांनू. नाणा नाणाच आसा. ही बाय सकाळपासून ताच सांगता, पण तुमी आयकतास खंय? माका आसा तरी काटो पडलो. म्हणजे ह्या म्हातारेक छापो पडलो, तरी तिका नसात. आनि ज्येंका काटो पडलो ते छाती काढून फिरतत, तेंका असात." तिने गोळ्या बंद करणाऱ्याकडे असे पाहिले, की तो आपल्या चपला शोधू लागला. "खरा काय ता एकच सांगता. शुक्रवारची सुई."

खांबाजवळच्या वृद्धेने डोळे पुसले. "मगे शुक्रवारी माका घेवन जातलंस?"

"जातलंय. पण तो शुक्रवार गावात रवाक होयो. तेच्यासाठीच ह्यो सगळो खटाटोप. आमचे भावजी काय उगाच पडदो बांधून बसले नाय."

माझा उल्लेख तिने चारचौघांत असा प्रथमच केला.

पुढच्या शुक्रवारी उपकेंद्रासमोर जी रांग लागली, ती आमच्या गावात मतदानालाही लागत नाही. छापा पडलेले भीतीने आले, काटा पडलेले आपला काटा खरा की खोटा हे पाहण्यासाठी आले, आणि ज्यांनी नाणे उडवलेच नव्हते ते गंमत पाहण्यासाठी येऊन रांगेत सापडले. नर्सबाईंच्या तपासणीच्या पट्ट्या दुपारच्या आत संपल्या. त्यांनी तालुक्याला फोन लावला आणि मोठ्या आवाजात म्हणाल्या, "होय, त्याच गावातून बोलतेय. होय, निरोगी गावातून!"

पहिल्या वृद्धेला साखर निघाली नाही. तिने ते नर्सबाईंकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतले. सात पिढ्यांची शपथ घेणाऱ्याला निघाली. तो काही वेळ झाडाखाली एकटा बसला. मग वहिनी त्याच्या शेजारी जाऊन बसली. ती त्याला काय म्हणाली ते मला ऐकू आले नाही, पण उठताना तो हसत होता.

शुक्रवारच्या तपासण्या गावाच्या खऱ्या पत्त्याने नोंदल्या जाऊ लागल्या, तेव्हा बाईंनी आपले प्रतिमान पुन्हा चालवले. त्यात त्यांनी एक नवा घटक घातला: गावातली किती माणसे औषध बाहेरून मागवतात. तो घातल्यावर, त्या म्हणाल्या, आमच्या गावाचाच नव्हे, खाडीच्या दोन्ही तीरांवरच्या अनेक गावांचा अंदाज आणि नोंद एकमेकांच्या जवळ आले. नवा नकाशा दाखवण्यासाठी त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतले. आमचा ठिपका गडद हिरवा झाला होता आणि माझा वॉर्ड पुष्कळ फिका.

"नाण्याच्या प्रयोगाचं काय लिहिणार?" मी विचारले.

"लिहीन, की फसला. फसलेलंही लिहावं लागतं, काका. नाहीतर दुसरं कोणीतरी पुन्हा देवळात जाऊन तबकात नाणं ठेवील."

मी अर्ज नव्याने लिहिला. त्यांचा तक्ता सोबत जोडला. बाईंनी सर्व विशेषणे काढावयास सांगितली. "कष्टाळू" हे एक मी राहू दिले, कारण ते विशेषण नसून माहिती आहे, हे मी त्यांना पटवून दिले. काही आठवड्यांनी उत्तर आले. आमचा शुक्रवार गावातच राहिला, आणि नर्सबाईंसोबत महिन्यातून एकदा डॉक्टरही येऊ लागले.

वहिनीचा एकही शुक्रवार चुकला नाही. आंबे पिकण्याच्या सुमारास जखमेवर नवी, पातळ, गुलाबी कातडी धरली. डॉक्टरांनी पाय हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि सांगितले, पाय वाचला, मात्र यापुढे अनवाणी चिखलात उतरायचे नाही. तिने मान हलवली. ही मान कितपत खरी, हे जाणून मी कुडाळच्या बाजारातून गुडघ्यापर्यंतचे काळे रबरी बूट आणून तिच्यासमोर ठेवले. तिने त्यांच्याकडे आणि माझ्याकडे असे पाहिले, जणू मी साप आणला आहे.

लावणीच्या दिवसांत मी गावी गेलो तेव्हा ती शेतात होती. ओळीने बायका वाकलेल्या, आणि मध्ये ती, काळ्या बुटांत, हातात रोपांची जुडी.

"गो, पोलीस इलो!" शेजारीण ओरडली. "माझी रोपां चोरीक गेली, तक्रार लिवन घे!"

"तक्रार लिवचे आमचे भावजी बांधावर उभे आसत," वहिनी वाकल्या जागेवरूनच म्हणाली. "तेंका सांग. माका अकराक सुई टोचूक जावचा हा, त्याआधी ह्यो कुणगो लावन पुरो करूचो हा."

चिखलाने बूट धरून ठेवला होता. तिने जोर लावून उजवा पाय बाहेर काढला, एक पाऊल मागे रोवला आणि पुढची जुडी लावली.